‘प्ले’ दाबताच गेम बंद: लिनक्सवर पुन्हा पुन्हा उद्भवणाऱ्या अडचणीचे निवारण

गेम विकत घेऊन खेळण्याच्या स्टीम या अ‍ॅपमध्ये हिरवे ‘प्ले’ बटण दाबले की ते निळे होऊन त्यावर ‘स्टॉप’ असे उमटते, चार-पाच सेकंद काहीच घडत नाही आणि मग कोणताही संदेश न देता बटण पुन्हा हिरवे होते. लिनक्सकडे नव्याने वळलेल्या मंडळींकडून ही तक्रार वारंवार ऐकू येते, आणि तिचा खरा जाच असा की ती एकदा सुटून संपत नाही. गेम काढून पुन्हा उतरवला की तो दोन दिवस चालतो आणि तिसऱ्या दिवशी परत तेच. शेवटी वैतागून डिस्ट्रो (लिनक्सचा प्रकार) बदलली जाते, मिंटवरून उबुंटू, उबुंटूवरून फेडोरा असा प्रवास होतो, आणि नव्या डिस्ट्रोवरही आठवडा उलटण्याआधी तोच अनुभव येतो.

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यापासून हा प्रश्न अधिक जणांच्या दारात आला आहे. छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड येथे खोली घेऊन शिकणाऱ्या मुलांच्या हाती बहुधा एखाद्या कार्यालयातून निघालेला जुना लॅपटॉप असतो. विंडोज ११ साठी त्याचा प्रोसेसर अपात्र ठरतो, म्हणून त्यावर लिनक्स बसवले जाते. मात्र टॅलीसाठी, श्रीलिपीतील जुन्या फायलींसाठी किंवा महाविद्यालयाच्या एखाद्या सॉफ्टवेअरसाठी विंडोजही शेजारीच ठेवलेले असते. गेम आधीपासून ‘डी’ ड्राइव्हवर असतात आणि ते पुन्हा उतरवायचे तर मोबाइलचा डेटा पुरत नाही. त्यामुळे लिनक्सवरील स्टीमलाही तोच ‘डी’ ड्राइव्ह दाखवला जातो. व्यवहार म्हणून हे समजण्यासारखे आहे, परंतु अडचणीचे मूळ अनेकदा नेमके येथेच असते.

यावरून माझे स्पष्ट मत असे झाले आहे की, बिघाड ठरावीक काळाने परत येत असेल तर गेमची फाइल, प्रोटॉनची (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणाऱ्या साधनाची) आवृत्ती आणि डिस्ट्रो या तिन्ही गोष्टी आधी बाजूला ठेवाव्यात आणि त्यांच्या खाली जे आहे ते, म्हणजे प्रथम डिस्क आणि नंतर ग्राफिक्स ड्रायव्हर, तपासावे. गेमची फाइल आपणहून दर दोन दिवसांनी खराब होत नाही. खालची परिस्थिती मात्र दर दोन दिवसांनी बदलू शकते.

(पुढे काही आज्ञा देवनागरीत उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकाव्या लागतात.)

आधी बिघाडाची व्याप्ती पाहावी

एकच गेम बंद पडतो की सगळेच, हे सर्वप्रथम पाहावे. त्यासाठी एखादा लहान, मोफत गेम मुद्दाम लिनक्सच्या स्वतःच्या पार्टिशनवर (डिस्कच्या वेगळ्या भागावर), म्हणजे आपल्या होम फोल्डरमधील स्टीम लायब्ररीत, उतरवून सुरू करावा. तो चालला आणि ‘डी’ ड्राइव्हवरचे सगळे गेम बंद पडले, तर दोष डिस्कच्या बाजूला आहे. तोही बंद पडला, तर ड्रायव्हरकडे वळावे. बाकीचे सगळे चालून एकच गेम अडला, तरच प्रोटॉनची आवृत्ती किंवा त्या गेमची स्वतःची अट यांचा विचार करावा. एवढ्या एका चाचणीने निम्मे काम होते, तरीही ती क्वचितच केली जाते, कारण इंटरनेटवर शोधले की पहिल्याच उत्तरात एखादा लांबलचक ‘लाँच ऑप्शन’ (गेम सुरू करताना स्टीमने पाळायची सूचना) मिळतो आणि तो चिकटवून पाहण्याचा मोह आवरत नाही.

नवागतांनी आणखी एक भेद लक्षात घ्यावा. गेम सुरू होण्यापूर्वी ‘प्रोसेसिंग व्हल्कन शेडर्स’ अशी पट्टी बराच वेळ सरकत असेल, तर तो बिघाड नव्हे. ड्रायव्हर बदलला की ग्राफिक्सच्या पूर्वतयारीचे हे काम नव्याने करावे लागते आणि जुन्या प्रोसेसरवर त्याला बराच अवधी लागतो. ते पूर्ण होऊ द्यावे किंवा ‘स्किप’ दाबावे. मध्येच स्टीम बळजबरीने बंद करू नये.

‘डी’ ड्राइव्ह: काल चालणारा गेम आज का अडतो

“सर, काल रात्रीपर्यंत व्यवस्थित चालू होतं, मी काहीच बदललं नाही, सकाळपासून परत तेच,” असे विद्यार्थी सांगतात तेव्हा ते खरेच बोलत असतात. त्यांनी काहीही बदललेले नसते. त्यांनी रात्री विंडोज फक्त ‘शट डाऊन’ केलेले असते.

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. ती सुरू असताना ‘शट डाऊन’ दाबले तरी विंडोज पूर्णपणे बंद होत नाही. त्याचा गाभा डिस्कवर जसाच्या तसा साठवून ठेवला जातो, जेणेकरून पुढच्या वेळी संगणक लवकर सुरू व्हावा. विंडोजच्या दृष्टीने त्या काळात ‘सी’ आणि ‘डी’ हे दोन्ही ड्राइव्ह अजून वापरातच असतात. अशा अवस्थेत लिनक्स सुरू केले की एनटीएफएस (विंडोजची डिस्कवर फायली मांडण्याची रचना) हाताळणारा त्याचा ड्रायव्हर, डेटाला धोका नको म्हणून, तो ड्राइव्ह एक तर केवळ वाचनासाठी जोडतो किंवा जोडण्यास साफ नकार देतो. जुना एनटीएफएस-थ्रीजी हा ड्रायव्हर बहुधा पहिला मार्ग धरतो, तर लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, ५.१५ या आवृत्तीपासून आलेला एनटीएफएस३ हा ड्रायव्हर दुसरा. गेम सुरू होताना स्टीमला त्याच ड्राइव्हवर लिहावे लागते. तेथे लिहिता येत नाही, म्हणून प्रोटॉन मुकाट्याने थांबतो आणि बटण पुन्हा हिरवे होते.

यातील चकवा असा की विंडोजमधून ‘रीस्टार्ट’ करून लिनक्समध्ये आलो तर हे घडत नाही, कारण रीस्टार्टमध्ये विंडोज खरोखर पूर्ण बंद होते. म्हणून एखाद्या दिवशी गेम चालतो आणि एखाद्या दिवशी चालत नाही, आणि दोन दिवसांमधला फरक वापरणाऱ्याच्या लक्षात येत नाही. ज्याने मधल्या काळात गेम काढून पुन्हा घातला त्याला वाटते की त्यानेच दुरुस्ती झाली. प्रत्यक्षात त्या गडबडीत त्याने दोन-तीनदा रीस्टार्ट केलेले असते.

हे तपासायला टर्मिनलची गरज नाही. फाइल मॅनेजरमधून ‘डी’ ड्राइव्ह उघडून मोकळ्या जागेत उजवे बटण दाबावे आणि नवीन फोल्डर करून पाहावे. तो पर्याय फिका पडलेला असेल, किंवा ड्राइव्ह उघडतानाच त्रुटीची चौकट येत असेल, तर निदान झालेच म्हणून समजावे. याहून आधीची एक खूण लिबरऑफिसमध्ये दिसते: त्या ड्राइव्हवरचा प्रकल्प अहवाल उघडला की मजकुराच्या वर एक आडवी पट्टी येते आणि दस्तऐवज केवळ वाचनासाठी उघडला असल्याचे सांगते. अनेक जण ‘सेव्ह अ‍ॅज’ करून तो अहवाल दुसरीकडे ठेवतात आणि पुढे जातात. सकाळी ती पट्टी आणि संध्याकाळी न उघडणारा गेम या एकाच कारणाच्या दोन खुणा आहेत.

तात्पुरता उपाय सोपा आहे. विंडोज सुरू करावे, काही काम नसले तरी ‘रीस्टार्ट’ निवडावे आणि त्यातून लिनक्समध्ये यावे. कायमचा उपाय म्हणजे विंडोजच्या ‘कंट्रोल पॅनेल’मध्ये ‘पॉवर ऑप्शन्स’ उघडून, पॉवर बटणाने काय व्हावे हे ठरवणाऱ्या पानावर जाऊन, ‘फास्ट स्टार्टअप’समोरची खूण काढून टाकावी. ती खूण फिकी दिसत असेल तर त्याच पानावरील, सध्या न बदलता येणाऱ्या सेटिंग्ज खुल्या करणाऱ्या दुव्यावर आधी क्लिक करावे लागते. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर ही सोय पुन्हा सुरू झालेली आढळते, म्हणून बिघाड काही महिन्यांनी परतला तर पहिली नजर येथेच टाकावी.

आपल्याकडे याला दुसरेही कारण असते, ते म्हणजे वीज. डेस्कटॉपला यूपीएस नसेल आणि विंडोज सुरू असताना वीज गेली, तर एनटीएफएस ड्राइव्हवर ‘नीट बंद झाले नाही’ अशी खूण राहते आणि लिनक्स पुन्हा तोच पवित्रा घेते. घरी इन्व्हर्टर असूनही संगणक रीस्टार्ट होत असेल, तर इन्व्हर्टरच्या मागच्या बाजूचा स्विच पाहावा. बहुतेक घरगुती इन्व्हर्टरांना ‘यूपीएस’ आणि ‘इको’ किंवा ‘नॉर्मल’ असे दोन पर्याय असतात. दुसऱ्या पर्यायात वीज बदलायला लागणारा क्षण पंख्याला जाणवत नाही, संगणकाला मात्र पुरेसा असतो. ड्राइव्हवर राहिलेली खूण घालवण्यासाठी लिनक्समध्ये ‘एनटीएफएसफिक्स’ चालवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने फार तर खूण पुसली जाते, पण ड्राइव्हची खरी तपासणी होत नाही. ती विंडोजच्या ‘चेकडिस्क’नेच होते. प्रकल्पाच्या फायली त्याच ड्राइव्हवर असतील, तर या दोहोंतला फरक लक्षात ठेवलेला बरा.

मुळात गेम एनटीएफएसवर ठेवूच नयेत

फास्ट स्टार्टअप बंद केल्यावरही एनटीएफएसवरील लायब्ररी मला मान्य नाही, आणि त्याचे कारण प्रोटॉनच्या रचनेत आहे. व्हॉल्व्ह कंपनीने ऑगस्ट २०१८ मध्ये आणलेला प्रोटॉन हा वाइन या, विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवण्यासाठी १९९३ पासून चालत आलेल्या प्रकल्पावर उभा आहे. विंडोजसाठी लिहिलेल्या प्रत्येक गेमकरिता प्रोटॉन स्टीम लायब्ररीच्या आत ‘कॉम्पॅटडेटा’ नावाच्या फोल्डरात विंडोजची एक छोटी प्रतिकृती तयार करतो. प्रत्येक प्रतिकृतीला त्या गेमचा क्रमांक असतो. उदाहरणार्थ, ‘जीटीए ५’ या गेमच्या मूळ आवृत्तीचा क्रमांक २७१५९० आहे. या प्रतिकृतीत ‘सी’ आणि ‘झेड’ या अक्षरांपुढे अपूर्णविराम असलेल्या नावांचे दुवे (दुसऱ्या फोल्डरकडे नेणाऱ्या खुणा) असतात. विंडोजमध्ये फाइलच्या नावात अपूर्णविराम चालत नाही. लिनक्सने ही नावे एनटीएफएसवर लिहिली आणि नंतर विंडोजने तो ड्राइव्ह तपासायला घेतला, की विंडोजच्या दृष्टीने ती नावे सदोष ठरतात. मग दुवे नाहीसे होणे, तपासणी अडून राहणे असे प्रकार घडतात. त्यातच वाइनची अशी अट असते की ही प्रतिकृती चालवणाऱ्याच्याच मालकीची असावी. एनटीएफएस ड्राइव्ह वेगळ्या मालकीने जोडला गेला असेल, तर ‘हे फोल्डर तुमच्या मालकीचे नाही’ अशी एक ओळ नोंदवून वाइन तेथेच थांबते. पेनड्राइव्हवर सहसा असणारी एक्सफॅट ही रचना तर असे दुवे ठेवूच शकत नाही, त्यामुळे प्रोटॉनसाठी ती पूर्णपणे निरुपयोगी आहे.

दोन्हीकडून एकच लायब्ररी वापरण्यात डेटाचाही अपव्यय होतो. ज्या गेमची लिनक्ससाठी स्वतंत्र आवृत्ती आहे, त्याच्या फायली लिनक्सवरील स्टीम बदलते आणि विंडोजवरील स्टीम पुन्हा उलट्या बदलते. रोजच्या दीड जीबीच्या रिचार्जवर ही ओढाताण परवडणारी नाही.

म्हणून ‘डी’ ड्राइव्ह विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मधून लहान करावा, मोकळ्या झालेल्या जागेवर लिनक्समधील ‘डिस्क्स’ किंवा ‘जीपार्टेड’ वापरून ईएक्सटी४ या लिनक्सच्या स्वतःच्या रचनेचे पार्टिशन तयार करावे आणि स्टीमची लायब्ररी तेथे हलवावी. हे करण्याआधी महत्त्वाच्या फायलींची दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर असलीच पाहिजे. पार्टिशन लहान करताना वीज गेली तर काय होईल याचा विचार करून लॅपटॉपची बॅटरी भरलेली असताना, आणि डेस्कटॉप असेल तर यूपीएसवरच, हे काम करावे. जागा किती ठेवावी हे गेमवर अवलंबून आहे. एकटा ‘जीटीए ५’ १०० जीबीहून अधिक जागा घेतो, त्यामुळे २५६ जीबीच्या एसएसडीवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम आणि असा एक गेम बसवणे म्हणजे ओढून-ताणून केलेला संसार आहे.

गेम पुन्हा उतरवण्याची गरज नाही. नव्या लायब्ररीच्या ‘स्टीमअ‍ॅप्स’मधील ‘कॉमन’ या फोल्डरात गेमचे जुने फोल्डर त्याच नावाने कॉपी करावे आणि मग स्टीममध्ये त्या लायब्ररीसाठी ‘इन्स्टॉल’ दाबावे. असलेल्या फायली पडताळून स्टीम फक्त कमी असलेला भाग उतरवते. जुने ‘कॉम्पॅटडेटा’ मात्र कॉपी करू नये, ते नव्याने तयार होऊ द्यावे. येथे एक इशारा द्यावासा वाटतो. ‘कॉम्पॅटडेटा’मधील त्या क्रमांकाचे फोल्डर पुसून टाका, हा सल्ला चुकीचा नाही, पण ज्या गेमची प्रगती स्टीम क्लाउडवर जात नाही, तिचे सेव्ह त्याच फोल्डराच्या पोटात असतात. आधी ते बाहेर काढून ठेवावेत आणि मगच फोल्डर पुसावे.

नवे पार्टिशन केल्यावर दोन किरकोळ अडथळे येतात. पहिला असा की त्याची मालकी ‘रूट’कडे, म्हणजे लिनक्सच्या प्रशासक खात्याकडे, राहते आणि तेथे लिहिता येत नाही असे स्टीम सांगते, ‘चाऊन’ या आज्ञेने मालकी स्वतःकडे घेतली की काम होते. दुसरा अधिक फसवा आहे. काही डिस्ट्रोंमध्ये असे पार्टिशन आपण फाइल मॅनेजरमधून उघडेपर्यंत जोडलेच जात नाही. संगणक सुरू केल्या केल्या स्टीम उघडली तर तिला लायब्ररी सापडत नाही, सगळे गेम ‘इन्स्टॉल’ न केलेले दिसतात, आणि घाबरून कोणीतरी पुन्हा डाउनलोड सुरू करतो. ‘डिस्क्स’मध्ये त्या पार्टिशनच्या ‘माउंट ऑप्शन्स’मध्ये ते संगणकासोबतच जोडले जाईल असे ठरवावे आणि पर्यायांत ‘नोफेल’ हा शब्द असू द्यावा, म्हणजे एखाद्या दिवशी डिस्क सापडली नाही तरी लिनक्स सुरू होण्याचे थांबत नाही.

कर्नलचे अपडेट आले आणि सगळेच गेम बंद पडले

होम फोल्डरमधला चाचणीचा गेमही चालत नसेल, तर ड्रायव्हर पाहावा. एएमडी आणि इंटेलचे ड्रायव्हर कर्नल आणि मेसा (ग्राफिक्स ड्रायव्हरांचा मुक्त संच) यांच्यासोबतच येतात, म्हणून त्यांच्याबाबत हा प्रश्न कमी येतो. एनव्हिडियाचा ड्रायव्हर बाहेरून बसवलेला असतो आणि प्रत्येक नव्या कर्नलसाठी त्याचा भाग नव्याने तयार व्हावा लागतो. तो झाला नाही, तर पडदा दिसतो, ब्राउझर चालतो, मराठी टंकलेखन चालते, फक्त गेम चालत नाहीत. म्हणून दोष गेमवर ढकलला जातो. टर्मिनलमध्ये ‘एनव्हिडिया-एसएमआय’ लिहून पाहावे. कार्डाचे नाव आणि तपमान दाखवणारा तक्ता आला तर ड्रायव्हर जागेवर आहे. संपर्क होऊ शकत नाही असे उत्तर आले तर नाही. स्टीमच्या ‘हेल्प’ यादीतील ‘सिस्टिम इन्फॉर्मेशन’मध्ये ड्रायव्हरच्या जागी ‘एलएलव्हीएम-पाइप’ दिसत असेल, तर सारे चित्र प्रोसेसरच रंगवतो आहे असे समजावे.

अशा वेळी संगणक पुन्हा सुरू करून, सुरुवातीला येणाऱ्या ग्रबच्या यादीत ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचे कर्नल निवडावे. त्यावर गेम चालले तर निदान पक्के झाले. मग उबुंटूत ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’ किंवा मिंटमध्ये ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडून, शिफारस केलेला ड्रायव्हर तेथूनच बसवावा. कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवलेली ‘डॉट रन’ फाइल नवागतांनी वापरू नये. ती बसते, आणि पुढच्या कर्नल अपडेटला हमखास अडचण घेऊन येते.

‘सिक्युअर बूट’ (अनधिकृत सॉफ्टवेअर सुरू होऊ न देणारी सुरक्षा) सुरू असलेल्या लॅपटॉपवर आणखी एक पायरी असते. ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगितले जाते आणि पुढच्या वेळी संगणक सुरू होताना निळा पडदा येतो. तेथे कोणतीही कळ दाबून ‘एन्रोल एमओके’ निवडायचे आणि तोच पासवर्ड द्यायचा असतो. हा पडदा जेमतेम १० सेकंद थांबतो आणि कोणी काही न दाबल्यास पुढे निघून जातो. संगणक रीस्टार्टला लावून चहाला गेलेला माणूस परत येईपर्यंत तो पडदा गेलेला असतो, आणि ड्रायव्हर का चालत नाही हे कळायला काही मार्ग उरत नाही. तो ड्रायव्हर पुन्हा बसवून पडद्यासमोर बसून राहावे, इतकाच उपाय आहे.

स्टीम फ्लॅटपॅकमधून (कोणत्याही डिस्ट्रोवर चालणाऱ्या पॅकेजच्या पद्धतीतून) घेतली असेल, तर एनव्हिडियाच्या ड्रायव्हरचा एक वेगळा भाग फ्लॅटपॅकच्या आत असतो आणि त्याची आवृत्ती बाहेरच्या ड्रायव्हरशी तंतोतंत जुळावी लागते. बाहेरचा ड्रायव्हर अपडेट झाला आणि आतला राहिला, की सगळे गेम एकदम बंद. ‘फ्लॅटपॅक अपडेट’ ही आज्ञा चालवून संगणक पुन्हा सुरू केल्यास प्रश्न सुटतो. हा भाग काहीशे एमबीचा असू शकतो, त्यामुळे वायफाय असताना करावे. फ्लॅटपॅकमधील स्टीमला दुसरे ड्राइव्ह आपोआप दिसत नाहीत; ‘फ्लॅटसील’ या अ‍ॅपमधून त्या फोल्डरची परवानगी द्यावी लागते. उबुंटूच्या स्नॅप या तशाच पद्धतीतून आलेल्या स्टीमबाबत व्हॉल्व्हच्याच एका विकासकाने २०२४ मध्ये ती टाळण्याचा जाहीर सल्ला दिला होता. माझी पसंती स्टीमच्या संकेतस्थळावरील ‘डेब’ पॅकेजला आहे.

जुन्या यंत्राची मर्यादा

जुन्या लॅपटॉपवर, सगळे योग्य असूनही, यंत्रामुळेच गेम सुरू न होणे शक्य आहे. प्रोटॉन डायरेक्ट-थ्रीडी या विंडोजच्या ग्राफिक्स पद्धतीचे काम व्हल्कन या लिनक्सवर चालणाऱ्या पद्धतीत भाषांतरित करतो आणि प्रोटॉन ८ पासून त्यातील डीएक्सव्हीके या घटकाला व्हल्कन १.३ लागते. इंटेलच्या चौथ्या, म्हणजे ‘हॅसवेल’ पिढीच्या प्रोसेसरमधील ग्राफिक्सला ते पूर्ण जमत नाही. टर्मिनलमधून स्टीम सुरू केल्यास ‘हॅसवेलचा व्हल्कन आधार अपूर्ण आहे’ अशा अर्थाची सूचनाही दिसते. एनव्हिडियाच्या जीटी ७१० सारख्या केपलर पिढीच्या कार्डांचे तेच. गेमच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘कम्पॅटिबिलिटी’खाली प्रोटॉन ७ किंवा त्याआधीची आवृत्ती निवडून पाहावी. तेवढ्याने भागले नाही तर ‘प्रोटॉन_यूज_वाइनडीथ्रीडी’ हा पर्याय मोठ्या रोमन अक्षरांत, बरोबरीचे चिन्ह आणि १ हा अंक देऊन लाँच ऑप्शनमध्ये घालावा, म्हणजे व्हल्कनऐवजी ओपनजीएल ही जुनी पद्धत वापरली जाते. वेग कमी होतो, पण डायरेक्ट-थ्रीडी ९ च्या काळातले गेम निभावून जातात. इंटेलच्या सहाव्या पिढीपासून पुढे ही अडचण सहसा येत नाही. जीटीएक्स १०५० किंवा १०६० असलेल्यांनी एवढे लक्षात ठेवावे की या कार्डांच्या पास्कल पिढीसाठी एनव्हिडियाच्या ड्रायव्हरांची ५८० ही शेवटची मालिका आहे. त्यापुढचा ड्रायव्हर निवडला तर कार्ड ओळखलेच जाणार नाही.

दोन ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपवर गेम सुरू होतो पण रखडत चालतो, तेव्हा तो बहुधा इंटेलवरच चालत असतो. स्टीमच्या चिन्हावर उजवे बटण दाबून, स्वतंत्र ग्राफिक्स कार्डावर सुरू करण्याचा पर्याय निवडावा.

जे गेम चालणारच नाहीत

‘व्हॅलोरंट’ आणि ‘फोर्टनाइट’ लिनक्सवर चालत नाहीत आणि कोणत्याही लाँच ऑप्शनने चालणार नाहीत, कारण त्यांची फसवणूकविरोधी व्यवस्था लिनक्स स्वीकारत नाही. ‘एपेक्स लेजेंड्स’ चालत असे, तो २०२४ मध्ये बंद झाला. त्याच वर्षी ‘जीटीए ऑनलाइन’चेही दार मिटले, परंतु ‘जीटीए ५’ची एकट्याने खेळायची कथा सुरू आहे. ‘काउंटर-स्ट्राइक २’ आणि ‘डोटा २’ यांच्या तर लिनक्ससाठी स्वतंत्र आवृत्त्या आहेत. गेम विकत घेण्याआधी किंवा रात्रभर डाउनलोडला लावण्याआधी ‘प्रोटॉनडीबी’ या, गेम लिनक्सवर कसे चालतात हे खेळाडूंनी नोंदवलेल्या संकेतस्थळावर त्याचे नाव शोधावे, आणि तेथील श्रेणीपेक्षा गेल्या काही महिन्यांतील नोंदी वाचाव्यात.

अपडेट चालू असताना वीज गेली तर

याची वेळ आपल्याकडे कधी ना कधी येतेच. अर्धवट राहिलेल्या अपडेटनंतर नवीन काहीच बसत नाही, आणि कधी कधी स्टीमला लागणारे ३२ बिटचे ग्राफिक्सचे भाग गळाल्यामुळे ती उघडतच नाही. उबुंटू आणि मिंटवर प्रथम ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ आणि त्यानंतर ‘सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ या आज्ञा याच क्रमाने द्याव्यात. ‘लॉक’ फाइल पुसून टाका असे सांगणारी उत्तरे वाचायला मिळतात. दुसरे एखादे अपडेट पार्श्वभूमीवर चालू असताना तसे केले तर होते ते नुकसान मोठे असते. दुसरी आज्ञा देताना कोणती पॅकेजेस काढली जाणार आहेत याची यादी येते. त्या यादीत डेस्कटॉपचे किंवा एनव्हिडियाचे नाव दिसले तर ‘वाय’ दाबण्यापूर्वी थांबावे. मिंटमध्ये ‘टाइमशिफ्ट’ हे प्रणालीची त्या क्षणाची प्रत (स्नॅपशॉट) ठेवणारे साधन आधीपासून बसवलेले असते. अपडेटपूर्वीचा स्नॅपशॉट असेल, तर या सगळ्या खटाटोपापेक्षा त्यावर परत जाणे सोपे पडते.

तरीही सुटले नाही तर

गेमच्या लाँच ऑप्शनमध्ये ‘प्रोटॉन_लॉग=१ %कमांड%’ असे, पहिला भाग मोठ्या आणि दुसरा लहान रोमन अक्षरांत लिहून, गेम एकदा सुरू करून बंद पडू द्यावा. होम फोल्डरमध्ये ‘स्टीम’ या शब्दानंतर गेमचा क्रमांक असलेली एक लॉग फाइल तयार होते. ती लांबलचक असते, पण कामाचा भाग बहुतेक वेळा शेवटच्या काही ओळींत सापडतो. कोणाला मदत विचारायची तर ती फाइल, स्टीमच्या ‘सिस्टिम इन्फॉर्मेशन’चा मजकूर, गेम ज्या पार्टिशनवर आहे त्याची रचना आणि बिघाड येण्याआधी संगणक शेवटचा कसा बंद झाला होता, विंडोजमधून शट डाऊन करून, लिनक्समधून की वीज जाऊन, एवढे लिहून पाठवावे. पडद्याचा मोबाइलने काढलेला तिरका फोटो पाठवू नये. त्यात नेमकी हवी ती ओळ कापली गेलेली असते.